पहिल्या टप्प्याची मोटर थकली तर...
हृदयाच्या उजव्या बाजूचा झटका आणि खिशातली गोळी

कृष्णाकाठचे एक गाव. नाव लिहीत नाही, घरच्यांनी तशी विनंती केली आहे. उसाला पाणी द्यायचे ते रात्रीच, कारण शेतीची लाईट त्या आठवड्यात रात्रपाळीची होती. साठीला टेकलेले आबा बॅटरी घेऊन मळ्यात गेले, मोटर चालू केली, सरीत पाणी सोडले. पहाटे तीनच्या सुमारास त्यांच्या छातीच्या खालच्या अंगाला, पोटाच्या वरच्या खड्ड्यात जळजळायला लागले. रात्री भाकरीबरोबर मिरचीचा खर्डा झाला होता. आबांनी स्वतःच निदान केले, पित्त! बांधावर बसून एक उलटी काढली. घरी पोचेपर्यंत अंगातली बंडी घामाने पिळून काढावी अशी भिजली होती.

घरात काकूंनी लिंबू-सोडा दिला. उतार नाही. पोरगा धावत शेजारच्या अण्णांकडे गेला. अण्णांची तीन वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी झालेली. तेव्हापासून सॉर्बिट्रेटची पट्टी त्यांच्या खिशात कायम असते, तंबाखूची पुडी गेली त्या जागी ही आली.

"आबा, काय हुतंय?"

"खड्ड्यात जळजळतंय रं. आन् डोस्कं गरगरतंय."

"ही जिभंखाली धर. दोन मिन्टात मोकळं वाटंल."

आबांनी गोळी धरली. इकडे पोराने मोटारसायकल काढली. आबांना मधे बसवायचे, मागे अण्णांनी धरायचे आणि तालुक्याला जायचे असा बेत. खेड्यात आपण सगळे असेच करतो. पण पायरी उतरतानाच आबांचे डोळे फिरले, मान टाकली, हात-पाय बर्फासारखे गार. काकूंनी हंबरडा फोडला. शेजारी जीप होती म्हणून निभावले. मागच्या फळीवर आडवे निजवून, पाय पोराच्या मांडीवर घेऊन त्यांना ग्रामीण रुग्णालयात नेले. तिथल्या तरुण डॉक्टरने नाडी धरली, बीपी बघितले, वरचा आकडा ७० भरला. मग ईसीजी काढला. तो काढून झाल्यावर छातीवर डावीकडे लावलेले फुगे उचलून उजवीकडे लावले आणि पुन्हा एक पट्टी काढली. अण्णा दारातून बघत होते. त्यांना वाटले, हे पोरगं गोंधळलं, काळीज कुठल्या बाजूला असतं तेही याला ठाऊक नाही!

पोरगं गोंधळलेलं नव्हतं. त्या दुसऱ्या पट्टीनेच आबांच्या उपचाराची दिशा ठरवली. आबांना हृदयाच्या उजव्या बाजूचा झटका आला होता.

दोन टप्प्यांची उपसा योजना

हार्ट अटॅक म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे डावी छाती येते. पण हृदय म्हणजे एक पंप नाही, शेजारी शेजारी बसवलेले दोन पंप आहेत. आपल्याकडे नदीवरून माळावर पाणी न्यायच्या योजना असतात, त्यातल्या बऱ्याच दोन टप्प्यांच्या. पहिली मोटर जॅकवेलमधून पाणी उचलून मधल्या हौदात टाकते, दुसरी मोटर त्या हौदातून माळावर चढवते. हृदयाचे काम नेमके तसे आहे. अंगभर फिरून आलेले काळपट रक्त उजव्या बाजूला जमते. उजवा खालचा कप्पा ते फुप्फुसात ढकलतो. तिथे ते शुद्ध होऊन डाव्या बाजूला येते आणि डावा कप्पा ते मेंदूपासून पायाच्या अंगठ्यापर्यंत पोचवतो.

पहिल्या टप्प्याला चढ कमी असतो म्हणून तिथली मोटर लहान चालते. हृदयातही तसेच. डावा कप्पा सुमारे १२० चा दाब तयार करतो, उजव्याला पंचविसाच्या आसपास पुरतो. त्यामुळे उजव्या कप्प्याची भिंतही पातळ, तीन-चार मिलिमीटरची. डाव्याची त्याच्या दुप्पट-तिप्पट जाड.

आता पहिली मोटर थकली तर काय होईल? दुसरी मोटर नवी कोरी असली तरी तिच्या हौदात पाणीच येणार नाही. ती नुसती फिरेल. उजव्या बाजूच्या झटक्यात हेच होते. डावा कप्पा धडधाकट असू शकतो, पण त्याच्यापर्यंत रक्त पोचत नाही. बीपी कोसळते. छातीत पाणी भरत नाही, श्वासही फारसा लागत नाही, उलट मानेच्या शिरा मात्र फुगलेल्या दिसतात, कारण मागचे रक्त तुंबलेले असते. कमी झालेले बीपी, फुगलेल्या मानेच्या शिरा आणि स्वच्छ फुप्फुसे, ही तीन लक्षणे एकत्र दिसली की जाणता डॉक्टर उजव्या बाजूचा संशय घेतो.

हृदयाच्या स्नायूलाही रक्त लागते आणि ते वेगळ्या रक्तवाहिन्यांतून येते. बहुतेक माणसांत उजवी रक्तवाहिनी उजव्या कप्प्याला आणि हृदयाच्या खालच्या भिंतीला रक्त पुरवते. तिच्या तोंडाजवळच गुठळी अडकली तर खालची भिंत आणि उजवा कप्पा दोन्ही उपाशी राहतात. म्हणून निव्वळ उजव्या बाजूचा झटका विरळा. पण खालच्या भिंतीचा झटका आलेल्या दर दोन-तीन रुग्णांमागे एकाचा उजवा कप्पाही त्यात सापडलेला असतो. हे प्रमाण थोडे नाही.

खालच्या भिंतीची आणखी एक खोड आहे. ती पोटाच्या पडद्यावर टेकलेली असते. त्यामुळे दुखणे छातीत न येता पोटाच्या खड्ड्यात येते, मळमळते, उलटी होते, दरदरून घाम फुटतो. नाडी मंद होते, कधी चाळिशीवर येते. आबांनी पित्त म्हटले यात त्यांचा दोष काय? अशा वेळी भलेभले फसतात. एक खूण मात्र ध्यानात ठेवावी. पित्ताने माणूस वैतागतो, पण बंडी पिळून काढावी असा गार घाम सहसा फुटत नाही. चाळिशी ओलांडलेला माणूस, त्यातून बीडी-तंबाखूचा, साखरेचा किंवा बीपीचा रुग्ण, त्याला पोटाच्या खड्ड्यात दुखून गार घाम आला, तर ईसीजी काढेपर्यंत ते हृदयाचेच दुखणे धरून चालावे. हातात, जबड्यात, दोन खांद्यांच्या मधे कळ गेली तर शंकाच नको. बायकांत आणि साखरेच्या रुग्णांत तर छातीत कळ न येता नुसता अशक्तपणा आणि उलटीही होते. "आईला जरा गरगरलं" म्हणून घरचे दिवसभर थांबतात.

गोळीने काय केले

सॉर्बिट्रेट ही वाईट गोळी नाही, हे आधी सांगतो, नाही तर हा लेख वाचून कोणी आपल्या डॉक्टरने दिलेली गोळी उकिरड्यावर टाकील. चालताना छाती भरून येणाऱ्या रुग्णाला ती जिभेखाली धरली की आराम पडतो. ती रक्तवाहिन्या सैल करते, विशेषतः शिरा. अंगातले रक्त शिरांमध्ये पसरते, हृदयाकडे कमी येते आणि हृदयावरचा भार हलका होतो. नेहमीच्या दुखण्यात हेच हवे असते.

पण थकलेल्या उजव्या कप्प्याला हे परवडत नाही. विहिरीचे पाणी वर असले की जुनी, झिजलेली मोटरही रडतखडत का होईना पाणी पुढे ढकलते. पाणी खाली गेले की तीच मोटर हवा घ्यायला लागते. मे महिन्यात फुटव्हॉल्व्ह उघडा पडल्यावर मोटरचा आवाज कसा बदलतो ते शेतकऱ्याला सांगायला नको. सॉर्बिट्रेटने आबांच्या विहिरीतले पाणी एकदम खाली नेले. मोटर आधीच थकलेली होती. त्यात त्यांना उभे केले, म्हणजे उरलेले रक्तही पायांत उतरले. शुद्ध हरपली.

आबांचे पाय पोराच्या मांडीवर होते, तो योगायोग. जीपच्या फळीवर जागा नव्हती म्हणून तसे धरले. पण त्यामुळे पायांतले रक्त परत वर आले. रुग्णालयात डॉक्टरने सलाईन लावले, तेही याच कारणासाठी, विहिरीची पातळी वाढवायला. सलाईन म्हटले की आपल्याकडे अशक्तपणावर 'चढवून घ्यायचे' औषध अशी समजूत आहे. इथे ते खरोखर कामाचे. मात्र त्यालाही माप आहे. अर्धा ते एक लिटर दिल्यावर बीपी उचलले नाही तर आणखी ओतत राहू नये. उजवा कप्पा फुगून डाव्यालाच दाबायला लागतो. मग हृदयाला जोर देणारी औषधे लावावी लागतात. नाडी फार मंद असेल तर तिचे वेगळे इंजेक्शन असते, कधी तात्पुरता पेसमेकर बसवावा लागतो. याउलट मानेच्या शिरा फुगलेल्या बघून 'अंगात पाणी झाले' असे समजून लघवीचे इंजेक्शन दिले तर ते सॉर्बिट्रेटसारखेच घातक ठरते.

एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवतो. गोळीचा हा धोका प्रत्येक उजव्या झटक्यात सारखाच असतो असे नाही. अलीकडच्या काही पाहण्यांत, वाटला होता तितका तो सरसकट नाही असे दिसले आहे आणि डॉक्टरांत यावर चर्चा चालू आहे. पण बीपीचा वरचा आकडा ९० च्या खाली असेल तर ही गोळी द्यायची नाही, यावर दुमत नाही. घरी रात्री तीन वाजता आकडा कोण बघणार? म्हणून घाम, गरगर आणि मंद नाडी असलेल्या माणसाच्या तोंडात दुसऱ्याच्या खिशातली गोळी घालू नये, एवढेच आपल्या हातात राहते. मोबाईलवर 'या तीन गोळ्या खिशात ठेवा, झटक्यातून वाचा' असे निरोप फिरतात. त्यातली अॅस्पिरिन ठीक, सॉर्बिट्रेटबद्दल मात्र त्यात कुठेच सावधगिरी लिहिलेली नसते.

आणि लाजेची एक गोष्ट, पण लिहायला हवी. ताकदीच्या म्हणून ज्या निळ्या गोळ्या मिळतात, त्या घेतल्यावर २४ तासांत, काही प्रकारच्या असतील तर ४८ तासांत, सॉर्बिट्रेट घेतली तर बीपी भयंकर कोसळते. अशी गोळी घेतली असेल तर डॉक्टरला सांगावे. डॉक्टर हसत नाहीत.

डॉक्टरांनाही उशिराच कळले

हा उजवा कप्पा पुष्कळ वर्षे दुर्लक्षित राहिला. १९४३ साली अमेरिकेत कुत्र्यांवर प्रयोग झाले. उजव्या कप्प्याची भिंत जाळून बघितली तर मागच्या शिरांतला दाब विशेष वाढला नाही. त्यावरून तज्ज्ञांनी ठरवले की उजवी बाजू म्हणजे निव्वळ एक नळी, ती नसली तरी अडत नाही. पुढे तीस वर्षे हाच समज चालला. १९७४ साली अमेरिकेतल्याच जे कोह्न या डॉक्टरांनी सहकाऱ्यांबरोबर काही रुग्णांची तपासणी मांडली आणि हा झटका वेगळा ओळखावा लागतो, त्याचा उपचारही उलट्या दिशेचा असतो, हे दाखवून दिले. १९९३ साली जर्मनीतल्या डॉक्टरांनी खालच्या भिंतीचा झटका आलेले २०० रुग्ण तपासले. उजव्या बाजूच्या ईसीजीत खूण दिसली त्यांच्यातले ३१ टक्के रुग्णालयातच दगावले. खूण नव्हती त्यांच्यातले ६ टक्के. आज उपचार सुधारले आहेत, आकडे इतके वाईट राहिले नाहीत. पण त्या एका पट्टीची किंमत त्या आकड्यांवरून कळते.

त्या पट्टीला नवे मशीन लागत नाही. जादा कागद लागतो वीतभर. छातीवरचे फुगे, निदान चौथा तरी, डावीकडून उचलून तितक्याच अंतरावर उजवीकडे लावायचा आणि कागदावर 'उजवी बाजू' असे लिहायचे, नाही तर पुढच्या डॉक्टरचा गोंधळ होतो. दोन-तीन मिनिटांचे काम. मात्र ते लवकर करावे लागते. ही खूण टिकत नाही, निम्म्या रुग्णांत ती दहा तासांच्या आत पुसून जाते. सकाळी बघू म्हटले की गेली.

गावाने करायचे काम

आबांसारखा प्रसंग आला तर काय करावे, हे मी त्या डॉक्टरला विचारले. त्यांनी सांगितले ते साधे आहे. माणसाला चालवू नका, उभे करू नका, मोटारसायकलवर मधे बसवून नेऊ नका. गरगरत असेल, नाडी लागत नसेल आणि श्वास मोकळा असेल तर आडवे निजवून पायांखाली घोंगड्याची वळकटी किंवा पोते द्या. उलटी होत असेल तर तोंड कुशीला वळवा. श्वास लागत असेल, छातीत घुरघुर असेल तर मात्र निजवू नका, टेकून बसवा. तो डाव्या बाजूचा प्रकार असू शकतो. अॅस्पिरिनची साधी गोळी, सुमारे ३०० मिलिग्रॅमची, चावून खायला द्या. पण त्या गोळीची अॅलर्जी, रक्ताची उलटी किंवा पोटात व्रण असा इतिहास असेल तर देऊ नका. लिंबू-सोडा, हळद-दूध, पोटाला चोळणे यात वेळ घालवू नका. माणूस बेशुद्ध झाला आणि श्वासच थांबला तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात, मिनिटाला शंभर-सव्वाशेच्या आत, दाबत राहा, मदत येईपर्यंत.

महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ नंबरची गाडी आहे. तिच्यात डॉक्टर असतो, ऑक्सिजन आणि सलाईन असते. गाडी यायला वेळ लागणार असेल तर जीप चालेल, पण आडवे नेता आले पाहिजे. इथे सरपंच आणि ग्रामसेवकांनी मनावर घ्यावे. मळ्यातल्या वस्त्यांना पत्ता नसतो. 'पाटलाच्या विहिरीवरून डावीकडे' हे गावातल्याला कळते, १०८ च्या चालकाला नाही. वस्त्यांच्या वाटांना फाट्यावर पाट्या लावायला फार खर्च येत नाही. आणि आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातले ईसीजी मशीन चालू आहे का, कागदाचा रोल शिल्लक आहे का, हे ग्रामसभेत विचारायला काय हरकत आहे? आपण पाणीपट्टीवर दोन-दोन तास भांडतो.

कुठे न्यायचे हेही आधी ठरलेले बरे. गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन झटक्यानंतर बारा तासांच्या आत, आणि खरे म्हणजे पहिल्या दोन-तीन तासांत, सर्वांत जास्त गुण देते. अँजिओप्लास्टी दोन तासांच्या आत होणार असेल तर ती उत्तम. नसेल तर जवळच्या रुग्णालयात इंजेक्शन घेऊन मग पुढे जावे. नातलग पुष्कळदा हट्ट करतात, इथे नको, थेट शहरात नेऊ. त्यात वाटेतच वेळ संपतो. महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी बसते. रेशनकार्ड आणि आधारकार्ड दाराच्या खुंटीला एका पिशवीत ठेवले तर ऐन वेळी कपाट उचकावे लागत नाही.

उजव्या बाजूची एक जमेची बाजूही आहे. हा कप्पा पातळ असल्याने त्याला रक्त कमी लागते आणि डावीकडच्या वाहिन्यांतूनही त्याला थोडे मिळत राहते. त्यामुळे तो पूर्ण मरत नाही, पुष्कळदा नुसता बधिर होतो. गुठळी वेळेत सुटली आणि पहिले दोन-तीन दिवस निभावले तर काही आठवड्यांत तो बराचसा पहिल्यासारखा चालायला लागतो. डाव्या बाजूचा मोठा झटका असे सहसा माफ करत नाही.

आबांना त्या पहाटे इंजेक्शन मिळाले, दुसऱ्या दिवशी जिल्ह्याच्या गावी नेऊन स्टेंट बसवला. नऊ दिवसांनी घरी आले. मध्यंतरी भेटलो तेव्हा अंगणात बाजेवर बसून नातवाला ओरडत होते. खर्डा बंद, बीडी बंद, रात्रीचे पाणी पोराकडे. पोराने मोटरला मोबाईलवरून चालू होणारा स्टार्टर बसवला आहे, त्यावर आबांचा अजून विश्वास नाही.

अण्णांना मात्र गावात बोल लागला. "तुमच्या गोळीनं गेला असता की आबा," असे चावडीवर कोणीतरी बोलले. ते बिचारे पंधरा दिवस बाहेर पडले नाहीत. शेवटी आबाच काठी टेकत त्यांच्या दारात गेले. "तू आला न्हाईस तर पोरगं एकटं काय करणार हुतं?" म्हणाले. दोघांनी बिनसाखरेचा चहा घेतला.

अण्णांनी नंतर स्वतःच्या पैशाने बीपीचे मशीन आणून दूध डेअरीच्या कट्ट्यावर ठेवले आहे. सकाळी दूध घालायला आलेली माणसे किटली खाली ठेवतात आणि हात पुढे करतात. सॉर्बिट्रेटची पट्टी अजून अण्णांच्या खिशात आहे. तिच्यावर बॉलपेनने मोठ्या अक्षरात लिहिले आहे : 'फक्त माझ्यासाठी'.